कोटींची ‘नव्याने घडवलेली’ जुनी स्पोर्ट्स कार: घ्यावी की लांबूनच नमस्कार?

घाटउतार (धागाकर्ता)
जुनी स्पोर्ट्स कार शेवटच्या नटापर्यंत उघडायची, पत्रा नवा करायचा, इंजिन मोठं करायचं, ब्रेक-सस्पेन्शन आजचं बसवायचं आणि बाहेरून मात्र रूप तेच ठेवायचं. याला रेस्टोमॉड म्हणतात. कॅलिफोर्नियातली सिंगर पोर्शे ९११ वर हे काम करते, इंग्लंडची ईगल जॅग्वार ई-टाइपवर, फ्रंटलाइन एमजीबीवर. सिंगरची गाडी आता पाच लाख डॉलरच्या पुढेच सुरू होते. आपल्याकडेही ‘फुल कस्टम रिस्टोरेशन’ म्हणून एमजी, जॅग्वार, जुन्या मर्सिडीज विकायला दिसतात आणि भाव ऐकून चहा गार होतो.

प्रश्न दोन. हा पैसा नक्की कशात जातो आणि तो परत मिळण्यासारखा असतो का? आणि अशी गाडी इंदुरात ठेवायची तर मेमधलं ऊन, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आणि आरटीओ हे तिघं तिला जगू देतील का?

‘हौसेला मोल नसतं’ हे उत्तर नको. मोल आहे, म्हणून तर विचारतोय.

पोहेजलेबी
हौसेला मोल नसतं.
(कुणीतरी म्हणायलाच हवं होतं भिया. आता पुढे चालू द्या.)

पाना_दहाबारा
आधी शब्द वेगळे करा. जाहिरातीत सगळं एकाच टोपलीत टाकतात.

रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करणं. रेस्टोमॉड वर आलंच आहे. तिसरा प्रकार कन्टिन्युएशन, म्हणजे मूळ कंपनीनेच राहिलेल्या गाड्या नंतर बांधणं. जॅग्वारच्या एक्सकेएसएस २५ व्हायच्या होत्या. १९५७ च्या आगीत नऊ गेल्या आणि त्या नऊ कंपनीने २०१६ मध्ये बांधायला घेतल्या. चौथा प्रकार नक्कल. या चौघींचे भाव चार तऱ्हेने ठरतात.

आता पैसा कुठे जातो ते. इंजिनात जातो असं लोकांना वाटतं, पण खरा खड्डा पत्र्यात असतो. एमजीबीचंच बघा, आपल्याकडे त्यातल्या त्यात हाताला लागणारी तीच. दाराखालची सिल तीन थरांची आहे: आतली, मधली (तिला मेम्ब्रेन म्हणतात) आणि बाहेरची. गाडी उघडी, वर छप्पर नाही, त्यामुळे सगळा ताण या दोन सिलवर. बाहेरचा पत्रा बदलून रंग मारला की गाडी देखणी दिसते. मधला थर कुजलेला राहिला तर शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) हळूहळू मधून बसतो.

काम नीट करायचं तर सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून माप धरून ठेवावं लागतं. एका वेळी एकच बाजू कापायची. मध्येमध्ये दार लावून फट बघायची आणि मगच पुढचा टाका. हे टाळून दोन्ही बाजू एकदम कापल्या की शेल केळ्यासारखा वाकतो. मग दार घासून, बिजागरीत वॉशर घालून ‘बसवलं’ जातं. बिलात दोन्ही कामांना ‘सिल रिप्लेसमेंट’ असंच लिहितात. तासांत फरक चौपट.

गंमत म्हणजे एमजीबीचा अख्खा नवा शेल ब्रिटिश मोटर हेरिटेज बनवते, मूळ साच्यांवर. फार कुजलेली गाडी सुधारण्यापेक्षा तो आणणं पुष्कळदा स्वस्त पडतं. ई-टाइपला अशी सोय सहज नाही. तिच्या पुढच्या भागात इंजिन धरणारी चौकट रेनॉल्ड्स ५३१ च्या पातळ नळ्यांची, पितळी जोडाची. ती आतून गंजते, बाहेरून रंग टवटवीत असतो. तिथे वेल्डिंगचं ठिगळ दिसलं की समजून घ्या, चौकटच बदलायला हवी होती.

रेडऑक्साइड
दहाबारांच्या पत्र्यावर माझा रंग चढवतो.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेतल्याशिवाय लाखांची गोष्ट बोलू नका. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. पूर्ण उघडून रंगवलेल्या गाडीवर २०० ते ३०० दिसले तर हरकत नाही. एकाच जागी ५०० च्या वर गेलं तर खाली लांबी (इंदुरी भाषेत पुट्टी) आहे. हजारच्या वर गेलं तर पत्रा कमी आणि लांबी जास्त. आकडा किती यापेक्षा तो किती उड्या मारतो ते बघा. दारावर सगळीकडे २५० आणि खालच्या चार इंचांत ९००, म्हणजे कुज झाकली आहे. कार्बन फायबरच्या भागावर हे साधं यंत्र काही सांगत नाही. तिथे तिरप्या उजेडात बघायचं, विणकामाची जाळी वर उमटली असेल तर रेझिन नीट पिकलं नव्हतं.

आपल्या हवेतला खास दोष पाण्याचा. पॉलिस्टर लांबी पाणी पिते. ती उघडी असताना पाण्याच्या पॉलिश पेपरने घासली की पाणी आत राहतं, वर प्रायमर आणि रंग बसतो आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर मोहरीएवढे फोड येतात. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी पकडणारा फिल्टर नसला तरी हेच. नीट पद्धत अशी: उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी, त्यावर लांबी, ती कोरडीच घासायची, पुन्हा इपॉक्सी, मग टू-के (हार्डनर मिसळायचा) प्रायमर आणि त्याला सुकायला पुरेसा वेळ. घाईने जाड थर चढवले तर चार-सहा महिन्यांनी रंग ‘बसतो’ आणि खालच्या घाशीच्या रेघा वर दिसू लागतात.

म्हणून डिसेंबरात चकचकीत दिसणारी ताजी गाडी घेण्यापेक्षा दोन पावसाळे काढलेली गाडी घ्या. तिने सगळी गुपितं सांगून टाकलेली असतात.

जुनीविद्या
सँड ब्लास्टिंगही लिहा. बॉनेटसारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर जोराने वाळू मारली की तो तापून-ठोकून फुगतो, मग त्या लाटा भरायला पुन्हा लांबीच. आम्लात बुडवणं स्वच्छ वाटतं, पण दुमडलेल्या कडांत आम्ल अडकलं तर वर्षाने तिथून तपकिरी ओघळ येतात.

आणि एक मूलभूत मतभेद. मूळ रंग, मूळ लेदर, मूळ पत्रा असलेली गाडी खरवडून ‘नव्याने घडवणं’ ही सुधारणा नव्हे. मूळपण एकदाच असतं. ‘फिवा’ ही जागतिक संस्था ऐतिहासिक वाहन कशाला म्हणते? किमान तीस वर्षं जुनं आणि इतिहासाला धरून जपलेलं. रेस्टोमॉड त्यात बसत नाही.

सातशेपन्नास_सीसी
@जुनीविद्या, तत्त्व मान्य. पण सिंगर ज्या गाडीवर काम करते ती ९६४ (१९८९ ते ९४) घ्या. त्या पिढीचे दोष ठरलेले आहेत. सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि हेडच्या मध्ये गॅस्केटच नव्हतं, तिथून तेल पाझरतं. पहिलं ड्युअल-मास फ्लायव्हील निकामी होतं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणून दोन डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारे), आणि दुसरा एका छोट्या पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा तुटला की एक रांग प्लग बंद. गाडी चालत राहते, चालवणाऱ्याला कळतही नाही आणि आत पिस्टन तापत राहतात. असे दोष मुळातून काढून टाकले तर त्यात काय बिघडलं?

मूळ इंजिन ३.६ लिटरचं, २५० पीएस. तेच चार लिटरपर्यंत वाढवून खूप पुढे नेतात. गाडीला तेल साडेअकरा लिटर लागतं, हे ज्यांना ‘सर्व्हिसला कितीसा खर्च येतो’ असं वाटतं त्यांच्यासाठी.

पाना_दहाबारा
@सातशेपन्नास, दोष काढले हे बरोबर, पण त्या जागी काय आलं ते विचारा. कंपनीचा सुटा भाग जगात हजार दुकानांत मिळतो. खास बनवलेला पिस्टन, खास क्रँक, खास व्हॉल्व्ह फक्त बनवणाऱ्याकडे. त्याने दुकान बंद केलं तर तुमच्याकडे सुंदर पेपरवेट.

ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) तर त्याहून वाईट. नव्या इंजिनाला बाजारातलं प्रोग्राम करता येणारं ईसीयू लावतात. त्यातला मॅप (इंधन आणि ठिणगीची कोष्टकं) कुलूपबंद असतो आणि परवलीचा शब्द ट्यूनरकडे. उद्या एक सेन्सर बदलला, पेट्रोल बदललं, तर दुरुस्तीसाठी त्यालाच शोधा. म्हणून किमतीची बोलणी होण्याआधी मॅपची उघडी फाइल, वायरिंगचा आराखडा (वायरच्या रंगांसकट) आणि बसवलेल्या प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लेखी मागायचा. ब्रेक कॅलिपर कोणत्या गाडीचे? पॅड कोणते? क्लच प्लेट कुठली? हे सांगायला कोणी नाही म्हणालं तर त्या गाडीला तिथेच नमस्कार.

चोक_ओढा
पेट्रोलवर मी लिहितो.

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन हवं. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने देतो. मिश्रण पातळ, इंजिन गरम, उतरताना सायलेन्सरमधून फटफट. एमजीबीच्या जुळ्या एसयू कार्ब्युरेटरना खालचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी) खाली फिरवला की मिश्रण घट्ट होतं, पण सगळ्या वेगांवर सारखंच. नीट करायचं तर सुईच बदलायची, जाडीचा उतार वेगळा असलेली.

रबर हा दुसरा मुद्दा. जुना पेट्रोल पाइप इथेनॉलने फुगतो, आतून सोलतो आणि त्याचे काळे कण फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. गाडी पेट्रोल ओकते, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. ही आग लागायची जागा आहे, विनोद नाही. पाइपवर आर-९ (इथेनॉल सोसणारा दर्जा) छापलेलं बघून घ्या, आर-६ चालणार नाही. टाकीच्या आत जुन्या काळी लावलेलं सीलर असेल तर तेही सुटून जाळीत बसतं.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. ४२ अंशांत पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. कार्ब्युरेटरखाली फिनॉलिकचा जाड स्पेसर, एक्झॉस्टवर पत्र्याची ढाल, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर. हे तीन केलं की निम्मा त्रास जातो. आणि महिना-दोन महिने उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा इथेनॉल ओढून घेतं आणि पाणी तळाशी बसतं.

सातशेपन्नास_सीसी
@चोक_ओढा, तुम्ही लिहिलेला प्रत्येक परिच्छेद रेस्टोमॉडच्या बाजूनेच आहे हो. वाइडबँड सेन्सर आणि फ्लेक्स-फ्युएल सेन्सर असलेलं ईसीयू इथेनॉलचं प्रमाण स्वतः मोजतं आणि इंधन वाढवतं. इंजेक्शनच्या लाइनमध्ये दाब असतो, पेट्रोल सहज उकळत नाही. चोक ओढायचाच नाही.

चोक_ओढा
मग माझं नाव काय ठेवू?

पोहेजलेबी
सेन्सर_बदला.

कागदपत्री
इथवर सगळं पान्यांचं झालं. आता कागद.

१. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात जे तपशील आहेत ते मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. इंधनाचा प्रकार बदलायचा (सीएनजी, विद्युत) तर मान्यताप्राप्त किटची वाट आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी परवानगी घेऊन बसवलं तर नोंद होऊ शकते. पण १७९८ सीसीच्या एमजीत दुसऱ्या कंपनीचं दोन लिटर इंजिन? आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली तीच जागा बघते.

२. विंटेज नोंदणी. जुलै २०२१ पासून नियम आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात जपलेलं, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेलं वाहन. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे रेस्टोमॉड ‘मूळ स्वरूपात’ नाही म्हणून विंटेजमध्ये बसत नाही, आणि इंजिन जुळत नाही म्हणून साध्या नोंदणीतही अडकते. ना घर का, ना घाट का.

३. बाहेरून आणायची म्हणाल तर. वापरलेली गाडी आयात करताना ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. दुसऱ्या टोकाला, पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्यांना मोकळीक होती, आता ती पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत आली आहे. सातशेपन्नासरावांची ९६४ दोन्हीकडे बसत नाही. ई-टाइप वयाने बसते, पण शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त पडतं.

४. विमा. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि विमा कंपनी आपसात ठरवता. त्यामुळे कामाची बिलं, फोटो आणि मूल्यांकनाचा कागद पॉलिसीच्या आधीच द्या. नंतर दाखवलेली बिलं म्हणजे लग्नानंतर जुळवलेली पत्रिका.

माणिकबाग
अवांतर, पण इंदूरचा धागा आहे आणि होळकर आले नाहीत हे बरं दिसत नाही.

कस्टम गाडी ही काही नवी चूष नाही. १९३० च्या दशकात उंची गाडी घ्यायची म्हणजे कंपनीकडून नुसती चासी आणि इंजिन घ्यायचं, बॉडी शिंप्याकडे कपडे शिवावेत तशी वेगळ्या कारागिराकडून शिवून घ्यायची. यशवंतराव होळकर दुसरे यांनी ड्युसेनबर्ग एसजे अशीच करून घेतली. सुपरचार्जर असलेलं आठ सिलिंडरांचं अमेरिकन इंजिन, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, दोन जणांची उघडी स्पीडस्टर. आज ती जगातल्या नावाजलेल्या ड्युसेनबर्गांपैकी एक आहे. त्यामुळे @जुनीविद्या, ‘कस्टम म्हणजे मूळपणाचा खून’ हे सरसकट म्हणता येत नाही.

आणि ज्या माणिकबाग महालात ते राहायचे, तिथे आज केंद्रीय जीएसटी आणि उत्पादन शुल्काचं कार्यालय आहे. कागदपत्रींचा तिसरा मुद्दा वाचताना हे आठवलं आणि हसू आलं.

जुनीविद्या
@माणिकबाग, फरक आहे. ड्युसेनबर्गला बॉडी चढली तेव्हा गाडी कोरी होती, ते तिचं मूळ रूपच. साठ वर्षांनी दुसऱ्याने तिला कापून बदललं असतं तर लिलावात तिच्याकडे कुणी बघितलं नसतं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

माणिकबाग
मान्य. हसू मात्र परत घेणार नाही.

खुंटीवरचीचावी
आतल्या कामावर कुणी बोलत नाही म्हणून थोडं.

ब्रिटिश गाड्यांचे हँडल, दिव्यांच्या कडा, बिल्ले हे मॅझॅकचे असतात, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्याला खड्डे पडले की नुसतं क्रोम चढवून भागत नाही. जुना थर काढून, खड्डे भरून, तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम. स्वस्त काम करणारा तांबं गाळतो आणि खड्डे घालवायला इतकं घासतो की अक्षरांच्या कडा गोल होतात. बिल्ल्यावरची अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसली तर बाकी कामाचाही अंदाज घ्या.

सीटच्या लेदरची शिलाई सगळे बघतात. त्यापेक्षा गालिचा उचला. खाली पत्रा रंगवलेला आहे की डांबराची चादर थेट गंजावर चिकटवली आहे, ते एका मिनिटात कळतं. आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ‘आत्ताच तयार झाली’ म्हणणाऱ्या गाडीला सात वर्षांचे टायर असतील तर ती आत्ता तयार झालेली नाही, कुठेतरी अडून पडलेली होती.

घाटउतार (धागाकर्ता)
@खुंटीवरचीचावी ताई, टायरचं कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. @कागदपत्री साहेब, म्हणजे सिंगर इंदुरात येतच नाही, विषय संपला?

मग प्रश्न असा. भारतात आधीपासून नोंदणी असलेली एमजीबीसारखी गाडी. एक, कुजलेली घेऊन बनवून घ्यावी. दोन, कुणीतरी बनवलेली तयार घ्यावी. काय परवडतं?

पाना_दहाबारा
तयार. पण डोळे उघडे ठेवून.

बनवून घेताना खर्चाचा खरा आकडा गाडी उघडून पत्रा स्वच्छ झाल्यावरच कळतो. त्याआधीचा अंदाज म्हणजे पोपटाची चिठ्ठी. करायचंच असेल तर पहिल्या टप्प्याचे पैसे फक्त उघडणं, सफाई, फोटो आणि यादी एवढ्यासाठी द्या. यादी हातात आल्यावर पुढचा करार, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा दहावा हिस्सा पाचशे किलोमीटर चालल्यानंतर. अंदाजावर तीस टक्के बाजूला ठेवा, ते लागतातच.

तयार गाडीत पहिल्या मालकाने घातलेले तास तुम्हाला पूर्ण भावाने मोजावे लागत नाहीत. त्याने स्वतःच्या आवडीचा रंग, आवडीचं स्टिअरिंग निवडलेलं असतं. दुसऱ्याला ते तेवढं नको असतं, तिथेच भाव उतरतो. कागद नीट असलेली, दोन पावसाळे झालेली, पाच-सात हजार किलोमीटर चाललेली अशी गाडी घ्या. नव्या बांधलेल्या गाडीचे सुरुवातीचे रोग (सैल होणारे बोल्ट, पाझरणारे जोड, वायर घासणं) पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये निघतात. ते त्याच्या खर्चाने निघालेले बरे.

सातशेपन्नास_सीसी
इथे सहमत, आणि तपासणीचं मी जोडतो. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी बॉनेट गरम असेल तर परत या. सुरू झाल्यावर वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. पेट्रोल उकळणं, थकलेला स्टार्टर, चुकीचं टायमिंग, सगळं त्या दहा मिनिटांत बाहेर येतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आत सारखं हवं. एक कमी आलं तर लीक-डाउन करून (सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून) ती हवा कुठून निघते ते ऐका: कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग.

एमजीबीचं हेड बिडाचं, शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली कठीण सीट बसवल्या आहेत का, विचारा. नसतील तर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये घुसतो आणि टॅपेटचं अंतर (०.०१५ इंच) आपोआप कमी होत जातं. सारखं सेट करावं लागत असेल तर कारण तेच.

रेडऑक्साइड
आणि तेल. सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं २०डब्ल्यू-५० हवं. नव्या गाडीचं महागडं पातळ सिंथेटिक घातलं की कॅमचे लोब घासतात. महाग म्हणजे चांगलं हा हिशेब इथेही चुकतो.

कागदपत्री
बदल हवाच असेल तर उलटवता येईल असा करा. आरसीवर चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनं, रंग असतात. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनामोऐवजी आल्टरनेटर, जास्त ओळींचा रेडिएटर आणि विजेचा पंखा, पुढच्या ब्रेकला चांगले पॅड. यातलं काहीच या नोंदींना धक्का लावत नाही. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा, विकताना ते खोकं गाडीबरोबर जातं आणि भावात मोजलं जातं.

चोक_ओढा
१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. आल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायच्या आधी ते उलटं करा. कॉइलच्या वायरही अदलाबदल करायच्या. नाहीतर पहिल्याच चावीला डायोड जळतात आणि शिव्या लुकासला (विजेचे भाग बनवणारी कंपनी) पडतात.

पोहेजलेबी
गतिरोधकांचं काय? आमच्या कॉलनीतला एक ओलांडायला उंट लागतो.

पाना_दहाबारा
@पोहेजलेबी, प्रश्न विनोदी नाही. एमजीबीचा सायलेन्सर जमिनीपासून जेमतेम पाच इंचांवर. १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली गेली. शौकीन त्या गाड्यांना नाक मुरडतात, भाव कमी मिळतो. इंदूरच्या रस्त्यांना मात्र तीच सोयीची.

सातशेपन्नास_सीसी
वेग बघायचा असेल तर पीथमपूरचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहेच की जवळ :)

कागदपत्री
तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. तुमच्या हौसेसाठी महू-मानपूरचा रस्ता, तोही पहाटे, आणि मर्यादेत.

घाटउतार (धागाकर्ता)
ठरलं. रबरी बंपरची, मूळ इंजिन नंबरची, पूर्वी कुणीतरी बनवलेली, दोन पावसाळे झालेली. शेवटचा प्रश्न: सिलचा मधला थर आतून चांगला आहे हे गाडी न कापता कसं बघायचं? लिफ्ट प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही.

पाना_दहाबारा
साधा जॅक पुरे. गाडी सपाट जागी उभी करा, दार बंद असताना मागच्या कडेची फट वर आणि खाली दोन्हीकडे मोजून लिहा. मग पुढच्या चाकाच्या मागे सिलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला. मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. तीच फट पुन्हा मोजा आणि दार उघडून बघा. वरची फट मिटली किंवा दार खांबाला घासलं तर शेल वाकतोय, मधला थर गेला आहे. मालक ‘जॅक तिथे लावू नका’ म्हणाला तर मोजायचीही गरज नाही.

पोहेजलेबी
घाटउतार भिया, जॅक आणि ठोकळा घरूनच न्या. विकणाऱ्याचा ठोकळा पण लांबी भरलेला निघायचा.